ठाण्यात रोजच्या वाटेवरचे फोटो: नोकरी सांभाळून छंद जपणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात राहायचं, नोकरीला ऐरोली, घणसोली, बीकेसी किंवा फोर्टला जायचं, आणि तरी शहराचे फोटो काढायची ओढ काही सुटत नाही, अशी पुष्कळ माणसं मला भेटतात. लिफ्टमध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. मी नौपाड्यात राहते, नोकरी ऐरोलीत करते, आणि माझे जवळजवळ सगळे फोटो या दोन टोकांच्या मधले आहेत. लग्नाची फोटोग्राफी, पक्षी, गडकिल्ले यांविषयी इथे काही मिळणार नाही.

दिवसाचे अकरा-बारा तास नोकरी आणि प्रवासात जातात. फोटोसाठी वेळ आणायचा कुठून?

वेगळा वेळ शोधायला गेलात तर तो मिळणार नाही. रविवारी पहाटे उठून कॅमेरा घेऊन निघायचे बेत पाहुणे, वाणसामान, मुलांच्या परीक्षा आणि आठवडाभराची साचलेली झोप यांच्यापुढे टिकत नाहीत. त्यापेक्षा जो वेळ तसाही घराबाहेर जातोच आहे, तो हाती घ्या. घर ते स्टेशन, फलाटावरची वाट पाहणी, उतरल्यावर ऑफिसपर्यंतचं चालणं, दुपारी जेवणानंतरची चक्कर आणि परतीचा रस्ता. स्टेशनला रिक्षाने जात असाल तर आठवड्यातून दोन दिवस चालत जा आणि त्या दिवशी घरून दहा मिनिटं लवकर निघा. माझं मागणं तेवढंच आहे.

रोजच्या रस्त्यावर काय नवीन असणार, असं लगेच विचारलं जातं. पण त्या रस्त्याविषयी तुम्हाला जे ठाऊक आहे ते बाहेरून आलेल्या चांगल्या फोटोग्राफरलाही ठाऊक नसतं. कुठलं दुकान किती वाजता उघडतं, दुकानदार आधी उंबऱ्यावर पाणी मारतो की उदबत्ती लावतो, कुठल्या गल्लीत डिसेंबरात ऊन शिरतं आणि मे महिन्यात शिरत नाही, शाळेची बस कुठल्या वळणावर थांबते. पुढच्या मिनिटाला काय घडणार आहे याचा अंदाज असणं हीच या प्रकारच्या फोटोंची अर्धी तयारी आहे, आणि ती तुमच्याकडे नकळत जमा झालेली आहे.

जगात गाजलेलं काही कामही असंच झालेलं आहे. व्हिव्हियन मायर शिकागोत लोकांची मुलं सांभाळण्याची नोकरी करत असे. मुलांना फिरवायला नेताना गळ्यात कॅमेरा असायचा. तिच्या निगेटिव्ह लाखाच्या वर भरल्या, आणि त्या जगापुढे आल्या त्या २००७ मध्ये तिचं सामान लिलावात निघाल्यावर. सॉल लायटर न्यूयॉर्कमध्ये अनेक दशकं एकाच भागात राहिला आणि त्याचे बरेचसे नावाजलेले फोटो घराजवळच्या काही गल्ल्यांतले आहेत. ओल्या काचा, छत्र्या, दुकानांच्या पाट्या. त्या गल्ल्यांत असं काय होतं, जे आपल्या गोखले रोडवर नाही?

ठाण्यात चांगला उजेड कधी असतो?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. खरं तर सगळ्यांनी आधी हाच विचारायला हवा.

ठाणे दोन डोंगरांच्या मध्ये आहे. पूर्वेला खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर, पश्चिमेला येऊर. म्हणून पंचांगात किंवा फोनमध्ये दिसणारी सूर्योदयाची वेळ आणि तुमच्या गल्लीत प्रत्यक्ष ऊन येण्याची वेळ यांत फरक पडतो. उपवन, वर्तकनगर, पोखरण रोड या भागांत संध्याकाळी सूर्य क्षितिजावर जाण्याआधीच येऊरच्या मागे जातो. मावळतीच्या ऊन्हासाठी उपवनला जाणार असाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी तिथे असा. सूर्य डोंगराआड गेल्यावर तळ्यावर बराच वेळ मऊ, सावली नसलेला उजेड राहतो. चेहऱ्यांसाठी तो उत्तम.

आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, म्हणून संधिप्रकाश आटोपता असतो. सूर्यास्तानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटं. आकाशात निळाई शिल्लक आहे आणि दुकानांचे दिवे लागले आहेत अशी वेळ त्यातही दहा-बारा मिनिटांचीच. ती गाठायची तर जागा आधी ठरलेली हवी.

नोकरदारांसाठी वर्षाचं गणित असं आहे. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सात-साडेसातला निघणाऱ्यांना कोवळं ऊन वाटेतच मिळतं. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे परतताना काळोख. जूनच्या सुरुवातीला उजाडतं सहाला, आणि जुलैच्या आरंभी सूर्य मावळतो सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. म्हणून थंडीत सकाळ धरा आणि उन्हाळ्यात संध्याकाळ. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या लेन्सनेही पडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कॅमेरा कुठला घेऊ?

आत्ता घेऊ नका. खिशातल्या फोनवर आधी सहा महिने काढा. त्यानंतरही रोज फोटो काढत असाल आणि फोनच्या कुठल्या गोष्टीने अडतं ते नेमकं सांगू शकत असाल, तर कॅमेऱ्याचा विचार करा. अंधारात फोटो बिघडतात, बटण दाबल्यावर क्षणभर उशीर होतो, फोटो मोठा छापता येत नाही, ही कारणं पटण्यासारखी आहेत. मित्राने घेतला, हे कारण पुरेसं नाही.

घ्यायचाच झाला तर डब्याच्या पिशवीत मावेल असा घ्या. मोठा कॅमेरा घरी राहतो. लेन्स एकच, ३५ मिलिमीटरच्या आसपासच्या दृष्टिकोनाची, म्हणजे थोडं रुंद दाखवणारी. झूम नको. झूममुळे आपण जागेवर उभे राहतो आणि माणसं लांबून ओढून आणतो, आणि त्या फोटोंत रस्त्यावर असल्याचा भाव उतरत नाही.

वापरलेला कॅमेरा घ्यायला काहीच हरकत नाही. फोर्टात बोरा बाजाराच्या परिसरात कॅमेऱ्यांची जुनी दुकानं आहेत. जाताना बरोबर छोटा टॉर्च न्या आणि लेन्समधून आरपार उजेड टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. मग किंमत कितीही कमी असो, लेन्स परत ठेवा. नंतर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/१६ एवढं लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची (फोटो टिपणाऱ्या पट्टीवरची) धूळ लगेच ठिपक्यांत दिसते.

फोनने काढताना नेमकं काय बदलायचं?

सगळ्यात आधी लेन्स पुसा. दिवसभर खिशात आणि पर्समध्ये राहिलेल्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतो, आणि रस्त्यावरचे दिवे धुरकट येतात ते बहुधा त्यामुळेच. चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद करा. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. मग बोट थोडं खाली ओढून फोटो किंचित गडद करा. आपल्याकडच्या ऊन्हात फोन सावल्या उपसून सगळं सपाट करतो. सावली काळी राहू दिली की ऊन्हाला जोर येतो. बोटांनी चिमटीत धरून झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, त्याची सवय करा, म्हणजे नजर स्क्रीनवर न राहता समोर राहते.

ठाण्यात फोटो काढण्यासारखं आहे तरी काय? तलावपाळी सोडून सांगा.

तलावपाळी सोडून कशी सांगू! तलावपाळी म्हणजे मासुंदा तलावाचा काठ, आणि तो म्हणजे एका फेरीत अख्खं ठाणे. कौपिनेश्वराच्या देवळात जाणारे, गडकरी रंगायतनला नाटकाला आलेले, जवळच्या चर्चमधून बाहेर पडणारे, कॉलेजची मुलं, नातवाला होडीत बसवायला आणलेले आजोबा. पण काठावर उभं राहून पाण्याचा फोटो काढू नका, तो सगळ्यांकडे आहे. कट्ट्यावर बसलेल्या माणसांकडे बघा. सकाळी तिथे व्यायाम चालतो, दुपारी डुलकी, संध्याकाळी खाणं. एकाच कट्ट्याचे वर्षभरातले फोटो एकत्र ठेवले तर ती चांगली मालिका होईल.

स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिसचा पूल आहे. वर बस, खाली रिक्षा आणि माणसांची रीघ. पुलाखाली दिवसा अंधार असतो आणि कडेने ऊन्हाचे पट्टे पडतात. एका पट्ट्यावर फोकस लावून थांबायचं. माणूस अंधारातून त्या पट्ट्यात आला की बटण दाबायचं. अशी थांबून काढण्याची पद्धत गर्दीत फार उपयोगी, कारण तुम्ही कोणाच्या मागे लागत नाही, लोक आपणहून तुमच्या चौकटीत येतात.

जांभळी नाक्याची मंडई सकाळी लवकर गाठा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर झेंडूच्या राशींपुढे रंग वेगळा शोधावा लागत नाही. पिवळ्या-केशरी राशींवर फोन गोंधळतो आणि फुलं डागाळल्यासारखी सपाट येतात, म्हणून तिथे उजेड मुद्दाम कमी ठेवा. चेंदणी कोळीवाड्यात जायचं तर घाईने जाऊ नका. ते लोकांचं राहतं घर आहे. अंगणात डोकावण्याआधी दोन शब्द बोला.

कळव्याच्या बाजूला खाडीवर केबलचा नवा पूल आहे, आणि पलीकडे पारसिक. सकाळच्या धुक्यात तारा आणि डोंगर एका चौकटीत येतात. चालत जाणार असाल तर वाहनांच्या मध्ये थांबू नका.

नौपाडा माझा स्वतःचा, म्हणून त्याविषयी जरा जास्त लिहिते. दोन-तीन मजली जुन्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. लाकडी कठड्याची गॅलरी, जिन्याखालचं पोस्टाच्या पेट्यांचं फळकूट, मोझाइक फरशी, दारावरची हाताने रंगवलेली नावाची पाटी, यांतलं बरंचसं पाच वर्षांनी दिसणार नाही. पाडकामाचे पत्रे लागण्याआधी त्यांचे फोटो काढा. आणि त्या फोटोखाली इमारतीचं नाव, रस्ता, तारीख लिहून ठेवा. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ चे खांब उभे राहताना ज्यांनी दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढला असेल, त्यांच्याकडे आज शहराची नोंद आहे. पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावत ठाण्यात आली. त्या काळच्या ठाण्यातली साधी माणसं, त्यांची दुकानं, त्यांच्या दुपारी कशा होत्या हे दाखवणारे फोटो असते तर आपण त्यांच्यापुढे तासन् तास बसलो असतो. आपल्या दुपारीही कोणाला तरी बघाव्याशा वाटतील.

सणांबद्दल थोडक्यात. पाडव्याची स्वागतयात्रा, टेंभी नाक्याची देवी, दहीहंडी, राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट, सगळीकडे कॅमेऱ्यांची गर्दी असते. यात्रा सुरू होण्याच्या तासभर आधी जा. नऊवारी सावरणाऱ्या मुली, ढोल आवळणारी मुलं, चहावर तुटून पडलेलं पथक हे तेव्हाच दिसतं.

लोकलमध्ये फोटो काढता येतात का? गर्दीत कॅमेरा कसा सांभाळायचा?

ठाण्याहून सुटणारी सकाळची जलद गाडी पकडत असाल तर कॅमेरा पिशवीत आणि पिशवी छातीशी. तिथे फोटोचा विचारही नको. ट्रान्सहार्बरवर, म्हणजे ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर, सुरुवातीच्या स्टेशनात चढल्यामुळे, कधीकधी बसायला मिळतं. वाशीकडे जाताना गाडी दक्षिणेला जाते, म्हणजे सकाळचं ऊन डावीकडून येतं. संध्याकाळी परतताना पश्चिम डावीकडे येते, म्हणजे तेव्हाही ऊन डावीकडूनच. उजव्या बाजूला बसलेल्यांचे चेहरे दोन्ही वेळा उजळतात. दिघा गाव, ऐरोलीच्या पट्ट्यात ऊन डब्यात आडवं शिरलं की साधी खिडकीची जाळीसुद्धा बाकांवर नक्षी काढते.

लेडीज डब्याबद्दल माझा नियम कडक आहे. ओळख नसलेल्या बाईचा चेहरा मी तिथे टिपत नाही. तो डबा म्हणजे दिवसातली काही मिनिटं कोणी आपल्याकडे बघत नाही याची खात्री असते, आणि ती मला मोडायची नाही. हात मात्र काढते. मटार सोलणारे, गजरा बांधणारे, पोथी धरलेले, वरच्या कडीला लटकणारे. रोजच्या मैत्रिणी झाल्या की त्या स्वतःच म्हणतात, अगं माझा पण काढ.

दारात लटकून, फलाटाच्या कडेवरून, रुळांवर उतरून काहीही काढायचं नाही. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडाची गोष्ट राहू द्या. फोनच्या स्क्रीनकडे बघणाऱ्याला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही.

अनोळखी माणसांचे फोटो काढायला भीती वाटते. आधी विचारायचं की नंतर?

भीती वाटणं चांगलं आहे. समोरच्याची पर्वा आहे म्हणूनच ती वाटते. ती अगदी जावी असं मला वाटत नाही, हात थरथरणार नाही इतपत कमी व्हावी.

जिथे माणूस चौकटीचा एक भाग आहे, म्हणजे पूल, पाऊस, भिंत आणि त्यातून जाणारं कोणीतरी, तिथे मी विचारत नाही. जिथे चेहराच फोटो आहे तिथे विचारते. कधी आधी, कधी फोटो काढून लगेच दाखवून. लपवून काढत नाही. कॅमेरा छातीशी धरून दुसरीकडे बघण्याचं नाटक केलं की लोकांना संशय येतो, आणि तो रास्त असतो. उघडपणे उभं राहा, नजर मिळाली तर हसा, कोणी मानेने नको म्हटलं तर तिथेच थांबा. फोटो काढ म्हणून मागे लागणारी माणसंही ठाण्यात भरपूर भेटतात.

बोलायचं काय, हेही विचारतात. भाजीवाल्या मावशींना "मावशी, तुमची ही मांडणी फार सुंदर दिसते आहे, एक फोटो काढू का?" एवढं पुरे. कोथिंबिरीची जुडी घेतली तर आणखी बरं, तशीही घरी लागतेच. फुलवाले, चांभारदादा, इस्त्रीवाले, रिक्षावाले काका यांच्याशी तुमची रोजची ओळख असते. पहिले फोटो त्यांचे काढा. अनोळखी माणसांकडे वळण्याआधी ओळखीच्यांवर हात बसतो.

काही फोटो मी काढतच नाही. फुटपाथवर झोपलेली माणसं, भीक मागणारी माणसं, भांडण, अपघात, रडणारं कोणीही. त्यांना नाही म्हणायची संधी नसते. लहान मुलांचे फोटो आई-वडील जवळ असतील आणि हो म्हणतील तरच.

कायद्याने हे सगळं चालतं का?

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानलेला आहे. बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. मॉल, रुग्णालय, शाळा, ऑफिसची इमारत या खासगी किंवा नियंत्रित जागा आहेत, तिथे सुरक्षारक्षक नको म्हणाला की विषय संपला. आपल्या मध्यवर्ती कारागृहाची भिंत म्हणजे जुन्या किल्ल्याची भिंत आहे आणि ती दिसतेही देखणी, पण तो तुरुंग आहे, कॅमेरा खालीच ठेवा. रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड लावून किंवा धंद्यासाठी चित्रण करायचं तर रीतसर परवानगी काढा.

फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. मात्र एखाद्याचा चेहरा जाहिरातीत वापरायचा असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या.

पोलिसांनी हटकलं तर वाद घालू नका. काय काढता ते दाखवा. बहुतेक वेळा त्यांना फक्त खात्री करायची असते.

बाईने एकटीने कॅमेरा घेऊन फिरणं सुरक्षित आहे का?

मी फिरते, आणि तुम्हीही फिरा. वर्दळीच्या वेळी वर्दळीचा रस्ता, ही पहिली अट. मंडई, स्टेशन, तलावपाळी, राम मारुती रोड इथे रात्री नऊपर्यंत मला कधी अस्वस्थ वाटलेलं नाही. येऊरच्या आतल्या वाटा, खाडीकाठचे निर्जन तुकडे, बांधकामांच्या मागचे रस्ते एकटीने टाळा, सकाळीसुद्धा. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला असू द्या, गळ्यात नको. कानात हेडफोन नको. आणि नवीन भागात गेलात तर आधी टपरीवर चहा घ्या. दहा मिनिटांत तिथल्या लोकांना तुम्ही कोण ते कळतं आणि मग त्यांचंच तुमच्याकडे लक्ष राहतं.

एक फायदाही सांगते. बाईच्या हातातल्या कॅमेऱ्याला घरांची आणि बायकांची दारं लवकर उघडतात. हळदीकुंकू, वाळवणं, पाणी भरताना चाललेल्या गप्पा हे शहर आपण काढलं नाही तर फोटोत येणारच नाही. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकत होत्या तेव्हाच त्यांनी मैत्रिणींचे आणि मुंबईतल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायला सुरुवात केली. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

पावसाळ्यात चार महिने बंद ठेवायचं का?

मुळीच नाही! आमच्याकडे वर्षाचे सगळ्यात चांगले चार महिने तेच. मोसमी पाऊस मुंबईच्या पट्ट्यात येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि त्यानंतर रस्ते आरसे होतात. रिक्षांचा पिवळा, पाठीमागचे लाल दिवे, शाळकरी मुलांचे रेनकोट, छपरांवरची निळी ताडपत्री, सगळं पाण्यात दुप्पट होतं. ढगाळ उजेडात कडक सावल्या नसतात, म्हणून दिवसभर काढता येतं. ऑफिसच्या वेळा आणि ऊन्हाच्या वेळा यांचं भांडण तेवढ्यापुरतं मिटतं.

पाऊस फोटोत दिसत नाही ही नेहमीची तक्रार. थेंब दिसायला उजेड त्यांच्या मागून यायला हवा आणि मागची बाजू गडद हवी. समोरून येणाऱ्या बसचे दिवे, चहाच्या टपरीचा बल्ब, पुलाखालचा अंधार. शटर सेकंदाच्या १/५०० भागाएवढं उघडं ठेवलं तर थेंब वेगळे दिसतात, १/६० ठेवलं तर रेघा होतात. मला रेघा जास्त आवडतात, त्यांत पावसाचा जोर कळतो. बसच्या किंवा रिक्षाच्या ओल्या प्लास्टिकमधून बाहेरचं शहर काढून बघा. फोकस थेंबांवर ठेवा, माणसं मागे विरघळू द्या.

आता काळजी. एसी ऑफिसातून बाहेर पडल्यावर लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, पुन्हा धरेल. कॅमेरा बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला सरावू द्या. घरी आल्यावर कोरड्या कपड्याने पुसा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सला जुलैत बुरशी धरतेच. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली तर लेन्स वर्षानुवर्षं टिकतात. साधा आर्द्रतामापक घेऊन डब्यात टाका. सिलिकाचे दाणे रंग बदलले की वाळवून पुन्हा वापरता येतात.

भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत काय काढणार?

सावल्या. दुपारचं ऊन चेहऱ्यांना वाईट, पण भिंती, जिने, पत्रे, छत्र्या यांना चांगलं. आपल्याकडे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. जुलैत ढग असतात, मेमध्ये मात्र बघता येतं. साडेबाराच्या थोडं पुढे ऑफिसच्या आवारातला झेंड्याचा खांब बघा.

रात्री आठला ऑफिसमधून सुटते. अंधारात फोटो हलतात.

दुकानांचा उजेड वापरा. मिठाईचं दुकान, मेडिकल, साडीची काच यांसमोर दोन-तीन फुटांवर उभ्या माणसावर भरपूर प्रकाश असतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त न्या. दाणे आले तर येऊ द्या. एलईडी पाट्यांखाली फोटोत आडवे पट्टे दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक पट्टे जातात.

गर्दीत फोकस लागेपर्यंत क्षण निघून जातो.

फोकस आधीच लावून ठेवा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर एफ/८, फोकस तीन मीटरवर. मग सुमारे दोन ते सात मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. फूटपाथच्या एका कडेपासून समोरच्या दुकानापर्यंत. चालणाऱ्या माणसांसाठी शटर १/२५०, धावणाऱ्यांसाठी १/५००.

रंगीत की कृष्णधवल?

ठाणे रंगीत आहे. रंग काढून टाकावासा वाटला तर कारण सांगता यायला हवं.

इतके फोटो साठतात, निवडायचे कसे?

त्याच रात्री निवडू नका. त्या दिवशी किती घाम आला, किती वाट पाहिली हे आठवत असतं आणि मेहनतीचा फोटो चांगला वाटतो. एक-दोन आठवडे जाऊ द्या. मग परतीच्या गाडीत फोनवर चाळा, आवडलेल्यांवर खूण करा, आणि महिन्याला बारापेक्षा जास्त ठेवू नका. ही अट जाचक वाटते, पण वर्षाकाठी दीडशेच्या आत उरतात आणि ते कोणालाही अर्ध्या तासात दाखवता येतात. बाकीचे पुसू नका, वर्ष-महिना अशा फोल्डरमध्ये पडू द्या. दुर्लक्षित फोटोच्या कोपऱ्यात आता पाडलेलं दुकान सापडतं.

प्रती तीन ठेवा. दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरच्या हार्ड डिस्कवर. फोन हरवला की माणसं फोनपेक्षा फोटोंसाठी जास्त हळहळतात.

तेच तेच काढून कंटाळा आला आहे. उत्तनला, माथेरानला जाऊ का?

जा, हवापालट चांगलाच. पण कंटाळा जागेचा नसतो, बहुधा अंतराचा असतो. तुम्ही सगळं एकाच अंतरावरून काढत असता. एक आठवडा फक्त हात काढा, किंवा फक्त पाय. एक आठवडा पादचारी पुलावरून खाली बघून. एक आठवडा एकाच चहाच्या टपरीसमोर, त्याच दगडावर उभं राहून. तिसऱ्या दिवशी टपरीवाला विचारतो काय चाललंय, आणि तिथून पुढचे फोटो वेगळे येतात.

घरचे म्हणतात, आहे तो वेळ पण यातच घालवते.

त्यांचेही काढा. आईचा देव्हाऱ्यासमोरचा, सासऱ्यांचा पेपर वाचतानाचा, मुलाचा गॅलरीतला. शहर घराच्या दारापाशी संपत नाही. आणि रविवारी सकाळी कॅमेरा कपाटात राहू द्या, त्यांची तक्रार बरीचशी रविवारची असते.

फोटो छापायचे का? महाग पडतं ना?

छापा. चार बाय सहाच्या प्रती कोणत्याही स्टुडिओत थोड्या पैशांत निघतात. मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उमटतात आणि दिव्याखाली अर्धा फोटो दिसत नाही. मागे जागा आणि तारीख मऊ पेन्सिलने लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो. ज्यांचे फोटो काढता त्यांच्यासाठी एक प्रत जास्तीची काढा आणि आठवड्याभरात नेऊन द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो खाली सरकतो. दिलेली प्रत गल्ल्याच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी लागते, आणि पुढच्या वेळी तिथे फोटो काढायला विचारावं लागत नाही.